डावीकडचे पक्षी

कोंबड्यांवर आमच्या मामांइतकं निरपेक्ष प्रेम अख्ख्या पुण्यात कुणी केलं नसेल, कारण मामांनी जन्मात कोंबडी खाल्लेली नाही. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, कोथरूडला राहणारे, कोंबड्यांचे निवृत्त डॉक्टर. पोल्ट्रीवाले कोंबडीला 'पक्षी' म्हणतात. मामा माणसांनाही म्हणतात. आमच्या लग्नात पंगतीकडे बघत त्यांनी आचाऱ्याला विचारलं होतं, "किती पक्षी जेवले?" घरात कुणी शिंकलं की आधी मान वळवून दाखवावी लागते. मला सर्दी झाली तेव्हा त्यांनी वजन विचारलं. ब्याऐंशी किलो ऐकून दोन किलोला एक अशा हिशेबानं "म्हणजे एक्केचाळीस पक्षी," असं पुटपुटत तांब्याभर काढा पुढे केला. कडूजहर! पण जावयाला पर्याय नसतो.

काढा गुळवेलीचा, तुळशीचा, शेवग्याच्या पाल्याचा. सोसायटीच्या कुंपणावरची गुळवेल मामांच्या तावडीतून कधी सुटली नाही. हाच पाला वाळवून खाद्यात घातला तर ब्रॉयलर पक्ष्यांची रोगाशी झुंजायची ताकद वाढते, हे सिद्ध करणं त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न. "लस ती लसच. पाल्यानं ती नीट अंगी लागावी, एवढंच माझं म्हणणं," असं ते बजावतात. शेवटी कात्रज घाटापलीकडे ओळखीच्या शेडमध्ये त्यांनी प्रयोग मांडला. लस सगळ्यांना; मधे जाळी; उजवीकडच्यांना पाला घातलेलं खाद्य, डावीकडच्यांना साधं.

तिसऱ्या आठवड्यात जवळच्याच एका शेडमध्ये मानमोडी आली. या रोगात पक्ष्याची मान पिळवटते आणि बघता बघता शेड रिकामी होते. मामांच्या प्रयोगाची खरी परीक्षा आता होती. मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. औषधाच्या पाण्यात पाय बुडवून आत शिरलो, तर मामा जाळीपाशीच थबकले. डावीकडचे पक्षी जाळीतून माना काढून उजवीकडच्या खाद्याला चोची मारायला बघत होते. मग पाल्याचं पोतं उचलून त्यांनी डावीकडेही रिकामं केलं.

शेडमालक ओरडला, "अवो डाक्टर, आता कळनार कसं, पाल्यानं वाचलं का लशीनं?"

"नाही कळलं तर नाही कळलं. वाचू तर देत."

सगळे वाचले. त्यामुळे काहीच सिद्ध झालं नाही. चाळिसाव्या दिवशी चिकनवाल्यांचा टेम्पो आला आणि दोन्हीकडचे पक्षी एकत्रच भरून घेऊन गेला. त्या दिवशीही मीच मामांना स्कूटरवरून घेऊन गेलो होतो. परतताना घाट उतरल्यावर ते मागून म्हणाले, "जावईबापू, जन्मात एकच प्रयोग धड मांडला होता. पण डावं-उजवं करता आलं नाही हो मला."

घरी पोचल्यावर मी आपणहून काढा मागून घेतला, आणि आज अजिबात कडू लागत नाही, असं त्यांना खोटंच सांगितलं.