मेट्रन मावशींची फुकटची छत्री

मेट्रन मावशी कुणालाही ‘कशी आहेस?’ असं विचारत नसत. आधी अंगठ्याने तुमची खालची पापणी ओढून बघत आणि मग तुम्ही कशा आहात ते तुम्हालाच सांगत. चंदीगडमध्ये मी खोली बघायला गेले तेव्हा दार घरमालक ढिल्लों अंकलनी उघडलं, पण पहिल्या मजल्यावरून तरातरा उतरून माझी पापणी ओढली ती या बाईंनी. म्हणाल्या, “रक्त कमी हाय. जेवतीस का नुसता ब्रेड खातीस?” मी नाशिकची, आयटी पार्कमधल्या नोकरीवर नुकतीच रुजू झालेली. परमुलखात कुणीतरी मराठीतून आपल्यावर खेकसतंय याचाच मला इतका आनंद झाला की भाडंसुद्धा न विचारता मी बरसाती, म्हणजे गच्चीवरची एकुलती खोली, घेऊन टाकली.

मावशी तरुणपणी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आल्या आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. नवरा गेला, मुलगा प्रसाद बंगळुरूला गेला, मावशी मात्र पहिल्या मजल्यावर ठाण मांडून राहिल्या. कोल्हापूर सुटलं तरी ‘मी आलो, मी बघतो’ ही बोली सुटली नव्हती. हिंदीही त्या त्याच थाटात बोलत आणि हुकमाच्या शेवटी एक ‘जी’ लावला की विनंती झाली असं समजत. “गोली खाया क्या जी?” असं जिन्यातून ऐकू आलं की सहा फुटी ढिल्लों अंकल हातातली जिलेबी पाठीमागे लपवत.

माणसंच काय, वस्तूही त्यांच्या लेखी पेशंटच होत्या. फ्रीजच्या पाठीवर हात ठेवून “ह्याला ताप हाय” म्हणत. मिक्सर घरघरला की “ह्याची छाती भरलीया.” माझा लॅपटॉप सारखा बंद पडायला लागला तेव्हा त्यांनी त्याला दोन दिवस उताणा झोपवून ठेवायला सांगितलं, आणि तो बरा झाला. मी कंपनीत ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

अशा या बाईंचं एकाच माणसापुढे काही चालत नव्हतं, ती म्हणजे त्यांची धाकटी बहीण शालन. ती कोल्हापुरात एकटीच राहायची, बालवाडी चालवायची. कितीतरी वर्षांपूर्वी प्रसादच्या लग्नात मावशींनी मोठ्या हौसेने घरच्यांसाठी पांढरा रस्सा केला होता. शालनने पहिला भुरका मारला आणि भर पंगतीत म्हणाली, “अक्का, हे तुमच्या हॉस्पिटलचं सूप हाय व्हय?” पंगत हसली. मावशींनी पातेलं उचललं, आत गेल्या, आणि त्या दिवसापासून दोघी बहिणींत अबोला. मावशींना शालनबद्दल विचारलं की त्या म्हणत, “कोण शालन?” आणि पुढचा अर्धा तास शालनबद्दलच बोलत.

एका हिवाळ्यात प्रसादचा फोन आला. मावशींचा फोन कायम स्पीकरवर असायचा, त्यामुळे तो मीही ऐकला. “आई, शालूमावशी टीव्हीवर येणार आहे. सरकारी मराठी वाहिनीवर, दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात. पांढरा रस्सा करून दाखवणार आहे.” मावशी म्हणाल्या, “आवाज तुटतोय रं तुझा,” आणि फोन ठेवला. मग घासलेली भांडी उगाच पुन्हा घासली. शेवटी म्हणाल्या, “बघाय पायजे. चुका काढायला.” त्यांना बहिणीचं तोंड बघायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. फक्त आपण बघितलं हे शालनला कळता कामा नये, एवढीच त्यांची अट होती.

आता गंमत अशी की मावशींच्या केबलवर पंजाबी वाहिन्या ढीगभर, मराठी एकही नाही. मराठीचा पॅक घ्यायचा तर तो प्रसादच्या फोनवरून घ्यावा लागणार, कारण टीव्हीचं खातं त्याच्या नावावर. आणि प्रसादच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. मी आपली शहाण्यासारखी म्हणाले, “मावशी, मोबाइलवर बघा ना. कार्यक्रम तिथेही टाकतात.”

“मोबाइलवर बघितलं की खाली आकडा वाढतो. मला काय म्हाईत न्हाई व्हय?”

“पण आकड्याखाली नाव नसतं, मावशी.”

“नाव कशाला लागतंय? एक आकडा वाढला की ती वळखणार, अक्कानं बघितलं. माझी भन हाय ती!”

मी माझी इंजिनिअरिंगची पदवी गुंडाळून ठेवली.

उपाय त्यांनीच शोधला. सरकारची फुकटची छत्री. गच्चीवर डिश लावायची, टीव्हीला जोडायचा एक डबा आणायचा, की महिन्याची वर्गणी नाही, खातं नाही, कुणाला विचारणं नाही. “हवेतनं येतंय ते कोण घेतंय कुणाला कळतंय? रेडिओ ऐकला तर पावती जाती व्हय कुणाकडं?” एवढं बोलून त्यांनी केबलवाल्याला बोलावलं आणि वायर कापायला लावली. तो बिचारा कळवळून म्हणाला, “आंटीजी, कोई तकलीफ़ थी तो बताते!” मावशींनी डोळे मिटून उत्तर दिलं, “अब मैं देवधर्म करेगी जी.” प्रसादलाही हेच कारण कळवण्यात आलं. त्याने काळजीने मला फोन करून विचारलं की आई बरी आहे ना.

शहरातल्या दुकानदारांनी फुकटची छत्री म्हटल्यावर नाकं मुरडली. कुणीतरी सांगितलं की पिंजौरच्या बाजारात मिळेल, तिकडच्या गावांत अजून लावतात. रविवारी सेक्टर ४३ च्या स्टँडवरून आम्ही दोघी बसने पिंजौरला गेलो. येताना मावशींनी छत्रीला खिडकीची जागा दिली आणि स्वतः तिच्या शेजारी बसल्या. कंडक्टर काही बोलायला वाकला, तर त्यांनी त्याची पापणी ओढली. “कावीळ हुईल,” त्या मला म्हणाल्या. कंडक्टर परत आमच्याकडे फिरकला नाही.

छत्री बसवायला माणूस बोलवायचा नाही, कारण माणूस बोलतो. म्हणून मावशी स्वतः गच्चीवर, साडी खोचून आणि पायात बूट घालून. मी खाली टीव्हीसमोर. निरोप पोचवायला मधल्या जिन्यात ढिल्लों अंकल. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक सिग्नलच्या ताकदीची आणि दुसरी दर्जाची. मी ओरडले, “स्ट्रेंग्थ ऐंशी, क्वालिटी शून्य!” वरून उत्तर आलं, “असली माणसं आमच्या हॉस्पिटलात लई हुती!”

अंकलचं ठाम मत होतं की सरकारी छत्रीचं तोंड दिल्लीकडेच पाहिजे. मी इंटरनेटवर बघून सांगितलं की आग्नेयेला, झिरकपूरच्या बाजूला आणि वर आभाळात. मावशींनी दोघांचंही ऐकून घेतलं, छत्री तिसरीकडेच वळवली, आणि काही होईना तेव्हा तिला एक चापट मारली. क्वालिटीची पट्टी टुणकन उडाली. “आली?” “आली, आली!” “आ गई जी, आ गई!” सगळी गल्ली दुमदुमली. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, “बहन दिखी क्या?” मावशींच्या गुपिताचा एवढा बोभाटा झाला होता की भाजीवालाही कार्यक्रमाचा दिवस विचारून जायचा. मावशींना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही.

मराठी वाहिनी सापडायला वेळ लागला. वाटेत एक भोजपुरी सिनेमा लागला आणि आम्ही तिघं उभ्या उभ्या नायिकेचं लग्न होईपर्यंत तो बघत राहिलो. मग पुढचं बटण दाबलं, आणि एक गृहस्थ शांतपणे द्राक्षावरच्या भुरी रोगाबद्दल सांगायला लागले. आमच्या घरी द्राक्षाची बाग सोडाच, द्राक्षाचा मांडवही नाही. पण ‘पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी फवारणी घ्यावी’ हे वाक्य मी ऐकलं आणि मला रडूच आलं. मावशी म्हणाल्या, “बघ, रक्त कमी असलं की असं हुतंय,” आणि स्वतःचे डोळे पदराने पुसले.

कार्यक्रमाच्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. ढिल्लों आंटी विणकाम घेऊन वर आल्या. अंकलना गच्चीवर राखणीला बसवलं होतं, कारण आदल्याच दिवशी एका माकडाने छत्रीवर बसून झोके घेतले होते. छत्रीच्या अगदी पुढ्यात खाट, हातात काठी, शेजारी शेंगदाण्यांची टोपली. मावशींनी त्यांना बजावलं, “बंदर आया तो बैठे बैठे काठी दिखाव जी. उठो मत.”

कार्यक्रम लागला. निवेदिकेने हसून स्वागत केलं आणि पडद्यावर शालन आली, मोरपंखी साडी, समोर गॅस आणि पातेलं. मावशी खुर्चीच्या अगदी कडेला सरकल्या. “खसखस कमी घेतलीया,” त्या म्हणाल्या. “नारळाचं दूध आत्ताच कशाला घालतीया? फुटंल की!” मग एकदम हळू आवाजात, “केस किती पांढरे झाले गं हिचे.”

आणि चित्र थिजलं. शालन आमच्याकडेच बघतेय, हातात पळी, ओठ अर्धवट उघडे, आणि खाली ‘सिग्नल नाही’ची पट्टी. एवढी धडपड केली ती या काही मिनिटांसाठी! आंटींच्या लगेच लक्षात आलं की नवरा उठून उभा राहिला असणार. त्यांनी जिन्यात जाऊन हाक मारली, “ओ जी, बै जाओ!”

“न्हाई!” मावशी ओरडल्या. “खडे रहो जी! बिलकुल हिलो मत!”

आम्ही दोघी बघतच राहिलो. मावशी उठल्या, चष्मा लावला, टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. बोट शालनच्या गळ्यावर ठेवलं, मग डोळ्यांवर, मग पळी धरलेल्या हातावर. हलतं चित्र असतं तर त्या नुसत्या खसखशीकडे बघत बसल्या असत्या. थिजलेली शालन त्यांनी डोक्यापासून मनगटापर्यंत तपासली. मग मागे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार बदलला होता. फोन घेतला आणि नंबर न शोधता, पाठ असल्यासारखा लावला.

“शाले, अक्का बोलतोय.”

पलीकडून लगेच, “बघितलंस व्हय?”

“रस्सा मरू दे तुझा. डोळे कसले बाहेर आलेत. गळा सुजलाय. पळी धरलेलं मनगाट बघ, नुसती काडी झालीया. किती वाळलीयास, खुळे! थायरॉइड कधी तपासलाईस?”

पलीकडे शालनचा सूर उतरला. “न्हाई तपासला. भ्या वाटत हुतं, अक्का. कुणाला विचारू?”

“मी काय मेलतो?”

मग दोघी रडल्या, आणि सोबत मी आणि एक अक्षर न समजता ढिल्लों आंटीही. जरा वेळाने पलीकडून प्रश्न आला, “रस्सा कसा दिसत हुता गं?”

“हॉस्पिटलच्या सूपासारखा,” मावशी म्हणाल्या, आणि पलीकडे शालन इतकी हसली की तिला ठसका लागला.

या सगळ्या गडबडीत अंकलना आम्ही विसरूनच गेलो होतो. मी वर गेले तर ते काठी उगारून सावधान उभे, आणि पायाशी माकड निवांत त्यांचे शेंगदाणे खात बसलेलं. मान न वळवता त्यांनी मला विचारलं, “बेटा, अब बैठ जाऊँ?”

त्या आठवड्यातच मावशी कोल्हापूरला निघाल्या. दिल्ली विमानतळाच्या बसमध्ये मी त्यांना बसवून दिलं. दोन आठवड्यांत येतो म्हणाल्या. बस हलताना खिडकीतून हात काढून त्यांनी माझा गाल धरला, आणि पहिल्यांदाच काही तपासलं नाही, नुसताच धरून ठेवला. तिकडे शालनचा रोग सापडला, गोळ्या सुरू झाल्या, गुण आला. दोन आठवड्यांचे कितीतरी महिने झाले. मग एक दिवस प्रसाद आला आणि पहिला मजला रिकामा करून गेला. मला मावशींचा रागच आला होता, ते लपवत नाही. माणसाला अशी सवय लावून जाऊ नये. टीव्ही, छत्री आणि डबा त्यांनी माझ्या नावे ठेवला, आणि मी रोज संध्याकाळी बरसातीत बसून शेतीचे कार्यक्रम बघते. कांद्यावरच्या करप्याबद्दल मला आता बरंच कळतं.

परवा असाच कार्यक्रम लागलेला असताना फोन आला. मी विचारलं, “मावशी, तिकडे तर सगळ्या मराठी वाहिन्या दिसत असतील ना? मजा आहे तुमची.”

“टीव्ही हाय गं, ह्यो एवढा मोठा. पण लावणार कधी? उठल्यापासनं ही भांडत असतीया माझ्याशी.”

मागून शालनचा खणखणीत आवाज आला, “मागचं ऱ्हायलेलं भांडून घेतोय!”

“गोळी घेतलीस काय?”

“घेतली! आणि मिठात हात घालू नगंस, मी घातलंय!”

“तरीच!”

मावशी फोन ठेवायचा विसरल्या. मी इकडे टीव्ही बंद केला आणि ऐकत बसले.