वरच्या मजल्यावर नाना दुरुस्ती शिकतात

लोक मला विचारतात, "सुलभाताई, हे जुने किस्से तुमच्या इतके कसे लक्षात राहतात?" अहो, लक्षात काय राहतात! आम्ही तळमजल्यावर आणि नाना आमच्या बरोब्बर डोक्यावर. त्यांनी वर काही उघडलं की खाली आमच्याकडे टपकायचं. डोक्यावर पडलेलं कोण विसरतं?

ही ऐंशी सालानंतरची वाशीतली गोष्ट. तेव्हा आम्ही न्यू बॉम्बेच म्हणायचो. कॉलनी कोरी करकरीत, पण साधा नळ दुरुस्त करायला माणूस मिळायचा नाही. चेंबूरचा प्लंबर "उद्या येतो" म्हणायचा, आणि मधली खाडी ओलांडायची आठवली की त्याचा उद्या परवावर जायचा. शेवटी नानांनी ठरवलं, आपलं घर आपणच दुरुस्त करायचं. नागदेवी स्ट्रीटवरून हत्यारांची लोखंडी पेटी आणली. पाना, पक्कड, करवत, रंधा, सगळं! ऑफिसात ते हेडक्लार्क, पण ती पेटी हातात आली की त्यांची चालच बदलायची.

आणि त्यांना घाई होती हो. त्यांची बायको, शालिनीवहिनी, जन्म सगळा गिरगावात गेलेला. इथे आल्यापासून त्यांचा जीव रमेना. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "गणपतीपर्यंत बघते. तोवर हे घर घरासारखं झालं नाही, तर मी चालले गिरगावात भावाकडे. तुम्ही या, नाहीतर बसा तुमच्या पेटीबरोबर!" ती काही गंमत नव्हती. वहिनी बोलल्या की करणाऱ्यातल्या. नाना एकदा जिन्यात मला हळूच म्हणाले, "सुलभावहिनी, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. तिला हे आवडलं पाहिजे हो." मला फार वाईट वाटलं. पण मला वाईट वाटून छत गळायचं थोडंच थांबणार!

*

पहिला प्रयोग झाला तो स्वयंपाकघरातल्या नळावर. वायसर बदलायचा होता. नानांनी नळ फिरवून फिरवून काढला, आणि मग त्यांना आठवलं की आधी पाणी बंद करायचं असतं! कारंजं उडालं. नानांनी भोकावर अंगठा दाबला आणि ओरडले, "शालिनी, गच्चीवर जा! वॉल्व्ह बंद कर!"

वहिनी धावल्या. गच्चीवर वॉल्व्ह रांगेने बसवलेले, सगळे एकसारखे. त्यांनी एक बंद केला आणि वरून विचारलं, "थांबलं का?"

"नाही!"

दुसरा बंद केला. "आता?"

"नाही गं!"

असं करता करता अख्ख्या बिल्डिंगचं पाणी बंद झालं, एक नानांचा नळ सोडून! कोणी अंगाला साबण लावून उभं, कोणाची डाळ अर्धी धुतलेली. सगळे नानांच्या दारात जमले आणि एकच गिल्ला सुरू झाला.

नाना ओलेचिंब, अंगठा तसाच भोकावर. म्हणाले, "घाबरू नका! बिल्डिंगचे बाकी सगळे वॉल्व्ह उत्तम चालतात, एवढं आज नक्की झालं!"

*

पुढे नानांना दोन शिष्य मिळाले. एक आमचे हे, आणि दुसरे म्हात्रे. म्हात्रे शेजारच्या गावातले, पावणे गावच्या एका फॅक्टरीत नोकरीला. "फॅक्टरीत आहेत म्हणजे मशिनमधलं कळत असणारच," असं आमच्या ह्यांनी परस्पर ठरवलं आणि आमचा टेबलफॅन त्यांच्या पुढ्यात ठेवला. कुरकुरत होता बिचारा, पण फिरत होता!

म्हात्र्यांनी जाळी काढली, पाती काढली, मोटर काढली, मोटरीतली तार काढली. हात असा सराईत की बघत राहावं. सगळं वर्तमानपत्रावर ओळीने मांडलं आणि मग नुसतेच त्याच्याकडे बघत बसले.

हे म्हणाले, "म्हात्रे, जोडा की आता!"

"जोडाला मना नाय येत."

"अहो, नाही येत म्हणजे? फॅक्टरीत ना तुम्ही?"

"फॅक्टरीन मी पॅकिंगला हाय ना!"

पण खोटं कशाला बोलू, खोक्यात तो पंखा त्यांनी असा सुरेख बांधून दिला, की चेंबूरच्या दुकानात पोचेपर्यंत एक स्क्रू जागचा हलला नाही.

*

आमचे हे तरी काय कमी होते? कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा होता. "मजबूत पाहिजे," म्हणून वीतभर लांबीचा खिळा आणला. ठोकता ठोकता तो एकदम सर्रकन आत गेला. ह्यांना कोण आनंद! "बघितलंस, लोण्यात जावा तसा गेला!"

नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं, त्याला दुसरी भिंत मिळाली आणि ह्यांनी तो खिळा उपटून काढला. थोड्या वेळात शेजारच्या देसाईकाकू कमरेवर हात ठेवून दारात हजर.

"आमच्या भिंतीचा खिळा कोणी नेला? मी रोज त्याला भाजीची पिशवी लावते!"

ह्यांनी मुकाट्याने हातोडी घेतली आणि खिळा होता तिथे परत ठोकून दिला.

*

इस्त्रीची वायर जोडताना नानांना एकदा चांगलाच झटका बसला. देवाची कृपा, बाकी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून जाहीर केलं, "माणसाने आपली मर्यादा ओळखावी. आजपासून विजेला मी हात लावणार नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. वहिनींनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

संध्याकाळी बघते तर नाना वहिनींचा ट्रान्झिस्टर उघडून बसलेले!

"अहो नाना, सकाळीच शपथ घेतलीत ना?"

"सुलभावहिनी, हा सेलवर चालतो. ह्याला वीज म्हणत नाहीत!"

तो रेडिओ म्हणजे वहिनींची दुपारची एकुलती एक सोबत. नानांनी जोडून दिल्यावर त्यावर एकच स्टेशन लागायला लागलं, आणि कधीही लावा, बाजारभावच! वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "गिरगावात जिना उतरलं की भाजीवाली. इथे कांद्याचा एवढा मोठा बाजार शेजारी आणून ठेवलाय, पण किलोभर मागितला तर गोणी दाखवतात! आणि वर आता घरात बसून दिवसभर भाव ऐकायचे!"

त्यांनी रेडिओ उचलून कपाटात ठेवला.

*

गणपती जवळ आले. नानांच्या बाथरूममधून आमच्या स्वयंपाकघरात अजून टपकतच होतं. मी फोडणी दिली की वरून थेंब पडून ती दुसऱ्यांदा चुरचुरायची! नानांनी रजा टाकली, सिमेंट आणलं आणि बाथरूमची जमीन स्वतः नव्याने केली. थापीने घासून घासून आरशासारखी गुळगुळीत.

ती वाळली, आंघोळी झाल्या आणि आमच्याकडे एक थेंब नाही! मला इतका आनंद झाला की मी पेढ्याचा पुडा घेऊन धावतच वर गेले. "नाना, छत ठणठणीत कोरडं हो!"

नाना हॉलमध्ये खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेले. बाथरूमच्या जमिनीचा उतार त्यांनी हॉलच्या बाजूला दिला होता! वहिनी पदर खोचून सोफ्याखालचं पाणी टिपत होत्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं मान वर करून बघितलं. मी पेढे तिथेच ठेवून उलट पावली खाली आले.

*

विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी बॅग भरली. मी वर गेले, हात धरले, विनवण्या केल्या. "नाही हो सुलभाताई," त्या म्हणाल्या, "मी दिलेला शब्द पाळला. आता मला अडवू नका." नाना आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. मला तर रडूच कोसळलं. मी खाली येऊन त्यांच्या वाटेसाठी पोळीभाजी बांधायला घेतली.

तेवढ्यात वरून नानांची हाक, "सुलभावहिनी! अहो, दार उघडत नाहीये!"

आम्ही वर पळालो. दमट हवेने दार फुगून चौकटीत घट्ट बसलेलं. बायकोला निदान बसपर्यंत तरी पोचवावं म्हणून नानांनी ते जोर लावून ओढलं, तर मूठच त्यांच्या हातात आली! ते दोघं आत, आम्ही बाहेर. म्हात्रे कुठूनशी पहार घेऊन आले.

"वैनी, बाजूला व्हा! मी दार मोडतो!"

"खबरदार!" आतून वहिनी कडाडल्या.

मग नानांचा आवाज आला, "थांब, मी रंधा मारतो."

"बंद दाराला कुठून मारणार रंधा? सरका तिकडे. तो मोठा स्क्रूड्रायव्हर द्या. तो नव्हे हो, लाकडी मुठीचा! आणि दाराखाली पाट सरकवा, नाहीतर ते पायावर येईल. वरची बिजागरी शेवटी काढायची."

आम्ही बाहेरून दाराला कान लावले. आत स्क्रू फिरल्याचा आवाज, आणि मग एकेक स्क्रू वाटीत पडल्याचा. आमचे हे माझ्या कानाशी पुटपुटले, "वहिनी हे कुठे शिकल्या?" मला काय ठाऊक! म्हात्र्यांनी पहार हळूच भिंतीला टेकवून ठेवली.

बिजागरीच्या बाजूने दार आत सरकलं आणि चौकट मोकळी झाली. उंबऱ्याशी शालिनीवहिनी उभ्या. पदर खोचलेला, केसांत लाकडाचा भुसा, पायाशी बॅग. वाट सताड उघडी. मागे नाना दोन्ही हातांनी ते दार कवटाळून उभे, पाटीसकट.

वहिनींनी बॅग उचलली. एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, एकदा नानांकडे. मग बॅग आत नेऊन कॉटखाली सरकवली आणि परत येऊन वाटीतला एक स्क्रू उचलला.

नाना दबकत म्हणाले, "अगं, पण तुझी बस?"

"बस काय, रोज जाते. दार सरळ धरा!"