तिचं खरं नाव

कागलच्या रस्त्याला तंबाखूच्या वखारीवरून गेलो, की तो उग्र वास मला थेट बल्गेरियातल्या एका ओसरीवर नेऊन सोडतो. कम्युनिस्ट राजवटीत मी तिकडं शेती शिकायला गेलो होतो आणि एका तुर्की बाईकडं तंबाखूची पानं सुईनं दोऱ्यात ओवत बसायचो. सरकारनं तिथल्या तुर्कांची नावं जबरदस्तीनं बदलून बल्गेरियन ठेवली होती. जुनं नाव घेतलं तर शिक्षा. वैतागून लोक तुर्कस्तानला निघाले, तसा त्यांना थोपवायला पक्षाचा एक माणूस तिकडं गेलेल्यांची म्हणून दारोदार पत्रं वाचत फिरू लागला. एक दिवस तो बाईच्या भावाचं पत्र घेऊन आला. भाऊ आधीच तिकडं गेलेला. 'इथं उपासमार आहे, तू येऊ नकोस,' असं पत्रात होतं. पण वर बहिणीला हाक मारली होती ती सरकारी नावानं! बाईनं चिकानं काळे झालेले हातही पुसले नाहीत. आमच्या कोल्हापुरीत सांगायचं तर ती कडाडली, "पावणं, माझा भाऊ उपाशी मरंल, पर मला ह्या नावानं हाक मारणार न्हाय. हे तुमीच लिवलंय की!" मग तिनं आपलं खरं नाव साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं तीनदा ओरडून सांगितलं. आज वखारीसमोर उभं राहून मीही ते मोठ्यानं घेतलं. हमाल वळून बघायला लागले. बघू देत की!