डिग्रीचा भाव

"राहू द्या मग," असं म्हणत ती पदर खोचायची आणि दुकानाच्या पायऱ्या उतरू लागायची. बघा, तिची सगळी कला इथेच. मागे वळून बघायची नाही, पण चाल अशी, की बुऱ्हाणपुरातला कुठलाही दुकानदार तिसऱ्या पायरीला विरघळावा. माझं साड्यांचं दुकान. ती माझ्याकडच्या साड्यांना फॉल लावून द्यायची, आणि मजुरी वाढवून घ्यायची असली तरी हाच प्रयोग. मी हाक मारायचो, "अहो ताई, या परत."

"बोला भाऊ." ती आधीच वळलेली असायची.

तिची मुलगी चांगल्या मार्कांनी बारावी झाली आणि म्हणाली, मला आर्थिक नियोजनाची डिग्री करायची. म्हणजे लोकांना पैसा कसा राखायचा, कुठे गुंतवायचा, हे सांगण्याचं शिक्षण. नवरा कापडाच्या लूमवर कामाला. तो म्हणाला, "आपल्या घरात राखायला आहे काय?"

"म्हणून तर दुसऱ्यांचा राखू दे," ही म्हणाली.

मग माझ्या काउंटरवर रोज नाटक. साड्यांच्या गठ्ठ्यावर फोन ठेवून, स्पीकर लावून ती इंदूरच्या खासगी कॉलेजांशी भाव करायची. गिऱ्हाइकं साड्या सोडून ऐकत उभी.

"इतनी फीस में तो हम घर बांध लें. रहने दो फिर." फोन कट. आम्ही सगळे श्वास रोखून. थोड्या वेळाने तिकडून उलटा फोन: मॅडम, हॉस्टेल माफ. दुसऱ्या कॉलेजाने तर लॅपटॉप देऊ केला. मी टाळ्या वाजवल्या. पण इतकं करूनही फी काही तिच्या आवाक्यात येईना.

आणि मग मुलीचा नंबर एका सरकारी कॉलेजात लागला. हाच अभ्यासक्रम, फी खासगीच्या पावभरसुद्धा नाही. तेवढे पैसे तिने जमवलेले होते. तरी तिने फोन लावलाच.

"थोड़ा तो कम करो साहब, लड़की होशियार है."

"सरकारी फीस है मैडम. कल शाम तक भर दो."

"रहने दो फिर."

मुलगी कळवळून म्हणाली, "आई, ते सरकारी कॉलेज आहे."

"तू चूप बस. बोलावतील."

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून काउंटरपाशी. हातात सुई, नजर फोनवर. मी म्हणालो, "ताई, भरून टाका."

"तुम्ही दुकानदार, तुम्हाला काय सांगू भाऊ? आता आपण होऊन गेलो की भाव गेला."

फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा खासगीवाले. बाजारात दिवे लागले, तेव्हा तिनेच नंबर फिरवला.

"सीट तो लिस्ट की अगली लड़की को चली गई मैडम," तो माणूस शांतपणे म्हणाला. "आपने ही कहा था, रहने दो."

पुढच्या वर्षी भरा, असं मी म्हणत राहिलो. पण दिवाळीनंतर लूम बंद पडली आणि जमवलेले पैसे घरभाड्यात, किराण्यात गेले. ती मंडळी तुकईथड गावी, दिराच्या केळीच्या शेतात राबायला निघाली. शिलाई मशीन टेम्पोत चढवताना मुलगी म्हणाली, "मला तसंही ते शिकायचं नव्हतं, आई."

ती मशीनची दोरी आवळत होती. "खोटं तरी नीट बोल," म्हणाली.

टेम्पो सुटला. रस्त्यात खड्डे फार. दोघी दोन बाजूंनी मशीन धरून उभ्या होत्या.