आधी डोरीनचं

आमच्या ह्यांना कॅनडात, एडमंटनमधली मराठी मंडळी ‘आधी तुम्ही’ म्हणत. चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात जो आधी पोहोचेल त्याने आधी निघावं, असा इथला नियम. हे आधी पोहोचत आणि हसून दुसऱ्याला हात करत. दुसराही इथलाच, सौजन्यात हार न जाणारा. तो उलट ह्यांना हात करी. एकदा हळदीकुंकवाला निघालो असताना चार गाड्यांतले चौघे असे एकमेकांना खुणावत बसले आणि माझ्या मांडीवरचा उपमा निवून गेला.

“अहो, निघा आता!”

“अगं, त्या बाईंना घाई असेल.”

त्या बाईंची घाई ह्यांना दोन काचांपलीकडून दिसे. शेजारी बसलेल्या माझी दिसत नसे.

मला हेवा वाटे, अख्ख्या गल्लीचा. पाहुण्यांनी बूट घातले की ह्यांच्या गप्पांना खरा रंग चढे. “उणे तीस आहे, पण कोरडी थंडी आहे हो, जाणवत नाही,” हे वाक्य ह्यांनी पोस्टमनलासुद्धा दर हिवाळ्यात नव्याने ऐकवलं. दार उघडं, घरातली ऊब बाहेर. पाहुणे गेले की हे पेपरात डोकं घालत.

“माझ्याशीही बोला की हवामानावर,” मी एकदा म्हटलं.

“तुला काय सांगायचं? तू तर घरातच आहेस.”

सगळ्यात जास्त हेवा शेजारच्या डोरीनचा. सत्तरी उलटलेली, एकटी. बर्फ पडला की हे फावडं घेऊन आधी तिच्या दारापुढचा, गाडी लावायचा ड्राइव्हवे शोव्हल करत. आमच्या ड्राइव्हवेपर्यंत येईतो दमलेले असत. तो अर्धाच होई आणि मी घसरत, सावरत लायब्ररीत कामाला जाई. तिच्याकडून बनाना ब्रेड येई, तो हे मिटक्या मारत खात. माझ्या नारळाच्या वड्या खाताना मात्र कधी मिटकी ऐकली नाही.

“आपलं कधी होणार?” मी विचारी.

“आपलं काय, घरचंच आहे. थांबेल.”

या उत्तराचा मला राग येई. तरी ते फक्त मलाच मिळतं म्हणून मी ते जपूनही ठेवलं होतं.

उन्हाळा लागता लागता हे गेले. भेटायला आलेल्या प्रत्येकाकडे ह्यांची एकेक आठवण होती, आणि त्यातली एकही मला ठाऊक नव्हती. मी चहा देत राहिले आणि मनात जळत राहिले.

यंदा पहिला बर्फ पडला तेव्हा ह्यांचे ढगळ हातमोजे घालून मी बाहेर आले. आमचा ड्राइव्हवे लख्ख झाला होता, अगदी काँक्रीट दिसेपर्यंत. त्याच्या टोकाला डोरीन फावड्यावर रेलून धापा टाकत होती. तिच्या दारात मात्र घोटाभर बर्फ तसाच.

“सॉरी, डिअर. तू उठायच्या आत आटपायचं होतं.”

“अगं, पण तुझं?”

“माझं काय, थांबेल. तोच म्हणायचा ना, घरचं काम थांबतं म्हणून.”

म्हणजे तेवढं एक वाक्यसुद्धा ह्यांनी हिला देऊन टाकलं होतं. तेही इंग्रजीत.

मी तिच्या हातातलं फावडं काढून घेतलं. “जा आत,” म्हटलं, “कोरडी असली तरी थंडी आहे.” आणि तशीच धुमसत तिच्या ड्राइव्हवेकडे वळले.