सुमनची साखर नि आमची गॅलरी

आमच्या लालबागच्या चाळीत नळाला पाणी तासभर, पण किस्से चोवीस तास! एक सांगून संपत नाही तोवर दुसरा दारात उभा. आता साखरेचंच घ्या.

शेजारच्या सुमनचं बोट टोचून दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "साखर काठावर आलीय. आत्ताच आवरा." सुमन ढसाढसा रडली. तिच्या आयेचा एक पाय ह्या साखरेनंच नेला. म्हातारी आता खाटेवर. "मावशी, माझं पण तसंच होणार!"

मी म्हटलं, "गप गो! अख्खी चाळ चालेल तुझ्यासोबत."

झाला आमचा ग्रुप चालू!

*

चालायचं कुठं? रस्त्यावर बाइकवाले जगू देत नाहीत. म्हणून गॅलरीत फेऱ्या. पण चाळ ती! दर दारातून हाक, "या, चहा घ्या!" पहिल्या दिवशी चालणं कमी, चहाच जास्त! मग रूल काढला. फेऱ्या चालू, की दारं बंद.

भरदिवसा चाळीत सगळी दारं बंद कधी बघितलीयत? माटुंग्याचे भावोजी आले, तर गॅलरी सुनसान नि बाया रांगेनं मुकाट चाललेल्या. बिचारे टोपी काढून हळूच विचारतात, "कोण गेलं हो?"

मी म्हटलं, "साखर! अजून गेली नाही, घालवतोय!"

*

तपासणी म्हटली की बाया पळतात. पण हळदीकुंकवाला न बोलवता येतात! म्हणून संक्रांतीला सिस्टरला तिथंच बसवलं. मी कुंकू लावायची, ती बोट टोचायची. लाडवाच्या जागी नुसते भाजलेले तीळ नि शेंगदाणे.

कदमवहिनी फुगल्या. "गूळच नाही, तर गोड कसं बोलू?"

"लाडू खाऊन तरी कधी बोललीस!"

*

सुमन फेऱ्या मारायची इमानदारीत, पण दुपारी लाडवाच्या डब्याकडे हात जायचाच. मी काय केलं, माझी जुनी कवळी त्या डब्यात ठेवली. लाडवांच्या बरोब्बर वर!

दुपारी किंकाळी! नवरा धावत आला, "काय झालं?"

"अहो, डबा हसतोय मला!"

तेव्हापासून सुमननं डब्याला हात नाही लावला. तिच्या नवऱ्यानंपण!

*

परवा सिस्टर परत आली. सुमन हात पदराआड लपवायला लागली, दोघींनी धरला तेव्हा बोट टोचता आलं. सगळी गॅलरी मशीनवर वाकली. सिस्टरनं मशीन बघितली, परत बघितली नि हसली. "सुमनताई, उतरली! काठावरून मागे आलात!"

काय गोंगाट झाला म्हणता! मी तर शिट्टीच मारली, ह्या वयात! सुमन धावत घरात गेली नि आयेच्या पाया पडायला वाकली.

म्हातारी खेकसली, "माज्या पायां पडू नको. एक आदीच गेलो! तुजे दोनय पाय हय कर."

सुमन खाटेवर बसली. म्हातारीनं तिचे पाय मांडीवर घेतले नि एकेक बोट चाचपत राहिली. आम्ही सगळ्या दारात उभ्या.

मग तिनं मान वर केली नि ओरडली, "बघतास काय? माज्या चेडवाच्या पायांक तेल आणा!"