पणजोबांचा पांढरा घोडा

आमच्या पणजोबांचा पांढरा घोडा मी कधीच पाहिलेला नाही. तरी त्याचं वर्णन माझ्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते, एवढं खरं. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या पायरीशी लोखंडी कडी अडकवलेला दगडी खुंटा आहे, हेही खरं. लहानपणी मी दुपारभर त्याला टेकून बसायचो. थंडीतलं ऊन अंगावर पसरायचं, डोळे जड व्हायचे आणि गल्लीच्या टोकाकडून टापा ऐकू यायच्या. (घरचे म्हणायचे, शेजारी मसाला कुटतायत.)

यंदा माझी मुलगी सई सातवीत आहे. शाळेनं मुलांना काम दिलं : आपल्या गल्लीचा इतिहास शोधा आणि रविवारी सकाळी गल्लीतच लोकांना सांगा. सई तीन मैत्रिणींना घेऊन माझ्यासमोर बसली, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून.

"बाबा, हा खुंटा कशाचा?"

"घोड्याचा!"

इथेच थांबायला हवं होतं. पण खिडकीतून ऊन येत होतं आणि मी वाहवत गेलो. घोडा पांढराशुभ्र झाला. त्याच्या आयाळीत वारा शिरला. पणजोबा मोहिमेवरून परतले की तो वळणावरूनच खिंकाळायचा, आणि सगळी गल्ली दारात! एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही!

"बाई म्हणाल्यात, आणखी दोघा-तिघांना विचारून खात्री करा," सई म्हणाली.

"खुशाल करा!"

त्या थेट समोरच्या बटणांच्या दुकानात गेल्या. जयंतीकाका पंच्याऐंशीचे, अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलतात.

"घोडो? अरे बेटा, भेंस हती, भेंस! ए मोठी! तुझ्या बाबांचे पणजोबा फौजेत दाणावैरणीचे कारकून. घोड्याला तर घाबरायचे!"

सई घरी आली. "बाबा, म्हैस होती."

"असेल... नंतर कधीतरी."

"पहिल्यापासून. तिघांनी सांगितलं."

"सई, निदान रविवारपुरता घोडा ठेव ना!" (मी ऑफिसातल्या अकरा जणांना घोडा ऐकायला बोलावून बसलो होतो.)

"बाबा, मी खोटं नाही सांगणार."

रविवारी ती खुंट्याशेजारी उभी राहिली. "या खुंट्याबद्दल दोन मतं आहेत. म्हैस : साक्षीदार तीन, तिघांनीही तिचं दूध प्यायलंय. घोडा : साक्षीदार एक, आणि त्याचा तेव्हा जन्मच झाला नव्हता!"

अकराच्या अकरा जण माझ्याकडे वळून हसले. मी चपलांकडे बघत राहिलो.

तेवढ्यात मागून एक आजीबाई म्हणाल्या, "गंगा नाव होतं तिचं. संध्याकाळी गळ्यातली घंटा वाजायची, की आम्ही खेळ सोडून धावायचो." मग कुणाला तिच्या दुधाची बासुंदी आठवली, कुणाला तिची ओली नाकपुडी. माणसं उन्हात डोळे मिटून बोलत होती, मुली भराभर लिहून घेत होत्या. आणि खरं सांगतो, ती गल्लीत आली! काळीभोर, संथ, कशाचीही घाई नसलेली. मला ती माझ्या घोड्याहून देखणी दिसली.

कार्यक्रम संपल्यावर सईच्या बाई माझ्यापाशी आल्या. "पुढच्या आठवड्यात शाळेत याल? साक्षीदार कसा तपासावा, ते मुलांना शिकवायचंय."

माझी छाती फुगली. "बोलेन की! किती वेळ बोलू?"

"छे छे, बोलायचं नाही! तुम्ही फक्त नमुना म्हणून बसायचं."

गेलो, बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्यातरी शाळेनं मला पहिल्या बाकावर बसवलं!